ब्रासिडास : परक्या नगरीचा जनक

थोरामोठ्यांची चरित्रे बहुधा त्यांच्या मृत्यूपाशी संपतात. फार तर शेवटी अंत्ययात्रेचे एखादे पान असते. गेल्या वर्षी मी ज्या माणसाच्या नादी लागलो त्याची गोष्ट मात्र मृत्यूनंतरच खरी रंगते. हा माणूस म्हणजे स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास. इ.स.पू. ४२२ मध्ये, जन्मभूमीपासून शेकडो मैल दूर, थ्रेसच्या सीमेवर असलेल्या ॲम्फिपोलिस नावाच्या ग्रीक वसाहतीच्या वेशीबाहेर तो जखमी झाला आणि गावात आणल्यावर वारला. गावाने त्याला भर चौकापुढे पुरले, थडग्याला कुंपण घातले, दरसाल त्याच्या नावाने बळी द्यायला आणि खेळांचे सामने भरवायला सुरुवात केली. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. आमच्या नगरीचा संस्थापक तो हाच, असे त्यांनी ठरवून टाकले. वस्तुतः नगरी वसवणारा माणूस निराळाच होता. तो अथेन्सचा होता, आणि त्या वेळी चांगला जिवंत होता!

हे वाचले तेव्हा मला प्रथम हसू आले. आमच्या सरांनी चर्चासत्रासाठी पेलोपोनेशियन युद्ध हा विषय दिला होता आणि अथेन्सच्या पराभवाची कारणे मी मांडायची होती. त्यासाठी थ्युसिडिडीजच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर ग्रंथालयातून आणले. कारणे बाजूला राहिली आणि मी ह्या एका माणसामागे धावू लागलो. चर्चासत्रात पुढे माझे काय झाले ते कृपया विचारू नये.

ब्रासिडासच्या वडिलांचे नाव टेलिस आणि आईचे आर्गिलिओनिस. बालपणाच्या कथा कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. पण स्पार्टाच्या नागरिकाचे बालपण कसे जाई हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण तेथे ते कोणाचे खाजगी नसे. सातव्या वर्षी मुलगा घरातून बाहेर पडे आणि त्याच्या वयाच्या मुलांच्या कळपात जाई. कळप हाच शब्द ते वापरीत. पायांत वहाण नाही, वर्षाला एकच वस्त्र, निजायला युरोटास नदीकाठचे बोरू, तेही हातांनी मोडून आणलेले. जेवण मुद्दाम अपुरे, म्हणजे मुलांनी चोरी करायला शिकावे. चोरी करताना सापडला तर फटके, आणि ते चोरीबद्दल नव्हेत तर सापडल्याबद्दल. आर्टेमिस ऑर्थिया ह्या देवीच्या वेदीवरून मुलांनी चीज पळवायचे आणि चाबूकवाल्यांनी त्यांना झोडपायचे, असा एक विधी होता. मुलाचा पुरुष होतो तो अशा विधींतून, अशी त्यांची श्रद्धा होती.

ह्या विधींची दुसरी बाजूही आहे. स्पार्टाचे नागरिक शेती करीत नसत. त्यांच्या जमिनी कसणारे लोक म्हणजे हेलॉट. ते जमिनीला बांधलेले गुलाम होते, आणि मालकांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक. स्पार्टाचे एफोर म्हणजे मुख्य अधिकारी दरवर्षी ह्या आपल्याच गुलामांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत, म्हणजे हेलॉटला मारणे हे पाप ठरत नसे. निवडक तरुणांना खंजीर आणि थोडी शिदोरी देऊन रानात पाठवले जाई. दिवसा लपायचे, रात्री वाटेत सापडेल त्या हेलॉटला कापायचे. हे प्लूटार्कने ॲरिस्टॉटलच्या आधारे लिहिले आहे. आपण स्पार्टाच्या शिस्तीचे कौतुक करतो तेव्हा हे पान सहसा उलटून पुढे जातो.

थ्युसिडिडीजने सांगितलेला एक प्रसंग तर मला अजून सोडत नाही. एकदा स्पार्टाने जाहीर केले की, ज्या हेलॉटांना युद्धात आपण सर्वांत शूरपणे लढलो असे वाटत असेल त्यांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करण्यात येईल. हेतू असा की जे पुढे येतील तेच उद्या बंड करण्याइतके ताठ मानेचे असणार. सुमारे दोन हजार निवडले गेले. त्यांनी डोक्यावर पुष्पमाला घातल्या, मुक्त झालेल्यांच्या रिवाजाप्रमाणे देवळांना फेऱ्या घातल्या. थोड्याच काळात ते सगळे नाहीसे झाले. प्रत्येकाचा शेवट कसा झाला हे कोणालाही कळले नाही.

ब्रासिडास ह्या समाजातून आला. त्याची पहिली कामगिरी इ.स.पू. ४३१ ची, युद्धाच्या पहिल्याच वर्षाची. मेथोनी नावाच्या गावाला अथेन्सच्या फौजेने वेढले असता शंभर माणसे घेऊन तो वेढ्यातून घुसला आणि गाव वाचवले. पुढे काही वर्षे तो कमी कुवतीच्या सेनापतींचा सल्लागार म्हणून फिरला. पायलॉसच्या लढाईत, ४२५ मध्ये, गलबत फुटले तरी चालेल पण किनाऱ्यावर घाला म्हणून तो सुकाणूवाल्यावर ओरडला, स्वतः शिडीवर चढला, जखमांनी बेशुद्ध पडला, आणि त्याची ढाल हातावरून निसटून समुद्रात गेली. ती अथेन्सच्या लोकांना सापडली आणि त्यांनी ती विजयस्तंभावर लावली. स्पार्टात ढाल गमावणे हा कलंक. ब्रासिडासला मात्र कोणी बोल लावला नाही.

पुढच्याच वर्षी त्याला उत्तरेकडे पाठवले गेले. मॅसिडोनियाचा राजा पर्डिकस आणि अथेन्सच्या जाचाला कंटाळलेली कॅल्सिडिसी भागातली गावे ह्यांनी मदत मागितली होती. स्पार्टाने स्वतःचे नागरिक दिले नाहीत. दिले ते सातशे हेलॉट. त्यांची पीडा परस्पर दूर जात असेल तर बरेच, असा हिशेब. ह्या सातशेंच्या संदर्भातच थ्युसिडिडीज त्या दोन हजारांची हकीकत सांगतो. वाटेत ब्रासिडासने आणखी हजार पगारी सैनिक मिळवले. अशा ह्या सतराशेंच्या फौजेनिशी तो थेसलीच्या शत्रुप्रदेशातून असा झपाट्याने गेला की त्याला अडवायचे की नाही हे ठरेपर्यंत तो पार झालेला होता.

पहिले मोठे गाव अकॅन्थस. द्राक्षांची तोडणी तोंडावर आली होती आणि मळे वेशीबाहेर. ब्रासिडासने एकट्याने आत येऊन बोलण्याची परवानगी मागितली. स्पार्टाचा माणूस असून तो बरा बोलतो, असा शेरा थ्युसिडिडीजने मारला आहे, आणि ह्या इतिहासकाराच्या तोंडी ते मोठेच प्रशस्तिपत्र समजावे. आम्ही तुम्हांला मुक्त करायला आलो आहोत, कोणावर राज्य करायला नव्हे, असे त्याने सांगितले. आणि तरीही ऐकले नाही तर मळे उद्ध्वस्त करीन, हेही सांगितले. गावाने गुप्त मतदान केले. काही मते भाषणाला पडली, काही द्राक्षांना. दरवाजे उघडले.

आता ॲम्फिपोलिसविषयी सांगितले पाहिजे, कारण ते गाव समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. स्ट्रायमन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी एका टेकडीला वळसा घालते, त्या वळणात हे गाव. पूर्वी ह्या जागेचे नाव नऊ वाटा असे होते. जवळच पँगिऑन डोंगरात सोन्याचांदीच्या खाणी, वर जहाजांना लागणाऱ्या लाकडाची अरण्ये, आणि नदीवर पूल. मूळ रहिवासी एडोनियन हे थ्रेसचे लोक. ग्रीकांनी येथे पाय रोवण्याचे प्रयत्न केले आणि ते रक्तात बुडाले. इ.स.पू. ४६५ च्या सुमारास अथेन्सने दहा हजार वसाहतकरी पाठवले. ते आत घुसले आणि ड्रॅबेस्कस येथे थ्रेसच्या लोकांनी त्यांचा संहार केला. शेवटी ४३७ मध्ये अथेन्सचा हॅग्नॉन यशस्वी झाला.

हॅग्नॉनविषयी पॉलिएनस ह्या उत्तरकालीन लेखकाने एक विलक्षण कथा दिली आहे. ऱ्हीसस हा ट्रॉयच्या मदतीला गेलेला थ्रेसचा राजा. इलियडमध्ये तो झोपेत मारला जातो. त्याच्या अस्थी परत आणल्याशिवाय वसाहत टिकणार नाही अशी देववाणी झाली. म्हणून हॅग्नॉनने ट्रॉयच्या भूमीतून त्या रात्री उकरून, जांभळ्या वस्त्रात गुंडाळून आणवल्या आणि स्ट्रायमनच्या काठी पुरल्या. कथेचा खरेपणा तपासणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पण तिच्यातली गरज मला पटते. परक्याच्या भूमीत घर बांधणाऱ्याला त्या भूमीतला एखादा मृतात्मा आपल्या बाजूला हवा असतो. ग्रीकांचे वीर म्हणजे नुसते शूर पुरुष नव्हेत. वीर म्हणजे मेलेला, पण थडग्यातून गावाचे राखण करणारा, देव आणि माणूस यांच्या मधला कोणी. वसाहत स्थापणाऱ्याला मरणोत्तर हा मान मिळे. एरवी प्रेत गावाबाहेर न्यायचे, पण संस्थापकाचे थडगे गावात, चौकाजवळ. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सायरीनीमध्ये बॅटसचे थडगे असेच होते. थ्रेसच्याच दुसऱ्या टोकाला, केर्सोनीसमध्ये, थोरल्या मिल्टायडीजच्या नावाने रथांच्या आणि व्यायामाच्या शर्यती होत, आणि लॅम्प्सेकस ह्या वैरी गावच्या तरुणाला त्यांत भाग घ्यायची बंदी होती, असे हिरोडोटस सांगतो. म्हणजे आपला कोण आणि परका कोण हे त्या मैदानावर दरवर्षी नव्याने ठरत होते.

ॲम्फिपोलिसमध्ये तर हा प्रश्न फारच अवघड होता. वसाहत अथेन्सची खरी, पण अथेन्सहून आलेले लोक थोडेच. बाकी ठिकठिकाणचे, त्यांत शेजारच्या आर्गिलसचे पुष्कळ. इ.स.पू. ४२४ च्या हिवाळ्यात, वादळी रात्री, बर्फ भुरभुरत असताना ब्रासिडास आला. आर्गिलसच्या लोकांनी वाट दाखवली, पहाटेपूर्वी पूल हातचा गेला. गावात गोंधळ माजला. त्याने अटी इतक्या सौम्य दिल्या की विरोधाची धारच गेली : ज्याला राहायचे असेल त्याने मालमत्तेसह, समान हक्काने राहावे, ज्याला जायचे असेल त्याने पाच दिवसांत आपले सामान घेऊन जावे. गाव त्याचे झाले.

त्याच दिवशी संध्याकाळी सात गलबते नदीच्या मुखाशी असलेल्या इऑन बंदरात पोचली. थेसॉस बेटावरून निघालेला अथेन्सचा हा सेनापती इऑन वाचवू शकला, पण ॲम्फिपोलिस गेले होते. ह्या अपयशानंतर तो वीस वर्षे हद्दपारीत राहिला आणि त्या काळात इतिहास लिहीत राहिला. तो सेनापती म्हणजेच थ्युसिडिडीज! म्हणजे ब्रासिडासविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे ते बहुतांशी ज्याला त्याने देशोधडीला लावले त्याच्याकडून. त्याने सूड उगवला नाही. ब्रासिडासच्या न्यायी वागणुकीमुळे पुढेही लोक स्पार्टाकडे वळले, हे त्याने मोकळेपणी लिहिले. आणि ब्रासिडासने गावांना स्वतःच्या पराक्रमाच्या फुगवलेल्या गोष्टी सांगितल्या, हेही लिहिले. स्पार्टातल्या प्रमुखांनी मत्सरापोटी त्याला कुमक नाकारली, हेही त्यानेच नोंदवले.

ह्या उत्कर्षाच्या दिवसांतला स्कायोनीचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ४२३ मध्ये ह्या गावाने अथेन्सविरुद्ध उठाव केला. ब्रासिडास रात्री लहान होडीतून तेथे पोचला. गावाने ग्रीसचा मुक्तिदाता म्हणून त्याला सोन्याचा मुकुट घातला, आणि लोक एकेकटे पुढे होऊन, शर्यत जिंकून आलेल्या मल्लाला बांधतात तशा फिती त्याला बांधू लागले. नंतर कळले की अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात एक वर्षाची तहकुबी आधीच झाली होती आणि उठाव तिच्यानंतर दोन दिवसांनी झालेला होता. ब्रासिडासने ते मान्य केले नाही. उठाव आधीचाच, असे तो सांगत राहिला आणि गाव परत देईना. अथेन्समध्ये क्लीऑनच्या सूचनेवरून ठराव झाला : स्कायोनी जिंकावी आणि तेथल्या माणसांना ठार करावे. ब्रासिडासने तेथील बायकामुलांना ऑलिंथसला हलवले, काही सैन्य ठेवले, आणि पर्डिकसच्या आग्रहाखातर दुसऱ्याच मोहिमेवर डोंगरात निघून गेला. परत आला तेव्हा शेजारचे मेंडी अथेन्सने परत घेतले होते. लौकरच स्कायोनीभोवती वेढ्याची भिंत उभी राहिली. तो वेढा त्याला मोडता आला नाही.

शेवटची लढाई ४२२ मधली. क्लीऑन स्वतः फौज घेऊन ॲम्फिपोलिसपुढे आला, टेहळणी केली आणि परतू लागला. त्याला कोणी सांगितले की वेशीच्या दरवाजाखालच्या फटीतून घोड्यांचे आणि माणसांचे पाय दिसत आहेत, बरेच दिसत आहेत. आत ब्रासिडास शत्रूच्या भाल्यांची आणि डोक्यांची हालचाल पाहत होता. ज्यांची डोकी अशी हलतात ते उभे राहणार नाहीत, हे त्याने ओळखले. दीडशे माणसे घेऊन तो धावत बाहेर पडला. मागून क्लिॲरिडस उरलेल्यांना घेऊन दुसऱ्या वेशीतून आला. अथेन्सचे सहाशे पडले, इकडचे सात. क्लीऑन पळताना मर्किनस ह्या थ्रेसमधल्या गावच्या एका सैनिकाच्या हातून मेला. सातांपैकी एक ब्रासिडास. आपण जिंकलो हे कानी पडेपर्यंत तो जगला.

मग सुरुवातीला सांगितला तो सोहळा झाला. सर्व मित्रसैन्य शस्त्रांसह प्रेतामागून चालले. गावात हॅग्नॉनच्या नावाच्या ज्या वास्तू होत्या, त्याचे स्मरण देणारे जे जे काही होते, ते सारे पाडून पुसून टाकण्यात आले. थ्युसिडिडीजने कारण दिले आहे, आणि ते कोरडे आहे. ब्रासिडासने त्यांना वाचवले असे त्यांना वाटत होते, आणि त्या घडीला अथेन्सच्या भीतीमुळे स्पार्टाची मैत्री त्यांना जपायची होती. अथेन्सशी वैर असताना हॅग्नॉनला मान देणे त्यांच्या फायद्याचेही नव्हते आणि हॅग्नॉनला त्यात गोडीही वाटली नसती. जिवंत संस्थापक उद्या काय करील याचा भरवसा नसतो. मेलेला बदलत नाही.

म्हणून पहिल्या वाचनाचे माझे हसू दुसऱ्या वाचनात विरले. ह्या लोकांना ढोंगी म्हणता येईना. वेशीबाहेर थ्रेस, समुद्रावर अथेन्स, आणि गावात दहा ठिकाणांहून आलेली माणसे, ज्यांना एकत्र बांधील असा एकही समाईक पूर्वज नाही. त्यांनी एक निवडला. आर्गिलसकडून आलेल्याचा मुलगा आणि आणखी कुठून आलेल्याचा मुलगा त्या थडग्याच्या साक्षीने एका मैदानात उतरू शकत होते. अथेन्सचा अभिमान बाळगणारा मुलगा तेथे काय करीत असेल, असाही विचार मनात येतो.

आईची गोष्ट प्लूटार्कने सांगितली आहे. ॲम्फिपोलिसचे काही लोक स्पार्टाला तिच्या भेटीला गेले. मुलगा शोभेल असा मेला का, एवढेच तिने विचारले. पाहुण्यांनी त्याची स्तुती करीत सांगितले की स्पार्टात त्याच्या तोडीचा कोणी नाही. ती उत्तरली की तो चांगला होताच, पण स्पार्टात त्याच्याहून सरस पुष्कळ आहेत. ही कथा थोर मातेचा आदर्श म्हणून सांगतात. मला तिच्यात वेगळेच दिसते. पाहुण्यांना त्यांचा वीर हवा होता, आणि स्पार्टाच्या बाईने त्याला पुन्हा कळपात नेऊन बसवले.

दोघे युद्धखोर मेल्यावर ४२१ मध्ये तह झाला. त्यात ॲम्फिपोलिस अथेन्सला परत द्यावे असे कलम होते, आणि शपथ घेणाऱ्या अथेन्सकरांच्या यादीत हॅग्नॉनचे नाव आहे. पण गाव तयार नाही असे म्हणून क्लिॲरिडसने ते दिले नाही. अथेन्सला ते पुन्हा कधीच मिळाले नाही. ३५७ मध्ये ते मॅसिडोनियाच्या फिलिपने घेतले. स्कायोनीविषयी त्याच तहात असे होते की अथेन्सने तेथे वाटेल ते करावे. स्पार्टाने ते मान्य केले. त्याच उन्हाळ्यात गाव पडले. वयात आलेले पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम झाली, जमीन प्लॅटीआच्या निर्वासितांना दिली गेली. ज्यांनी त्याला फिती बांधल्या होत्या त्यांच्यापैकी कोणी त्याच्या नावाने खेळ भरवायला उरले नाही. प्लेटोच्या सिंपोझियममध्ये ब्रासिडासची तुलना अकिलीजशी केली आहे, तीही एका अथेन्सकराच्या तोंडून. मोठा मान आहे. पण ती वाचताना माझे मन स्कायोनीकडे गेले.

ॲम्फिपोलिसचे अवशेष विसाव्या शतकात ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी उकरून काढले. दिमित्रिओस लझारिडिस यांनी आयुष्याची बरीच वर्षे त्यात घातली. गावच्या व्यायामशाळेजवळ १९८४ मध्ये एक लांबलचक शिलालेख मिळाला. तो इ.स.पू. पहिल्या शतकात कोरलेला, म्हणजे ब्रासिडासनंतर चारशे वर्षांचा. तरुणांच्या शिक्षणाचा तो कायदा आहे. अठराव्या वर्षापासून दोन वर्षे त्यांनी एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहावे, धावणे, धनुष्य, गोफण, भालाफेक शिकावी, आणि वागावे कसे हेही त्यात आहे. राज्ये गेली, मालक बदलले, रोमनही आले, तरी मुलांना घडवण्याची ती जागा चालू होती. आणि वस्तुसंग्रहालयाची इमारत बांधताना पायाच्या खोदाईत गावाच्या तटाच्या आतच एक थडगे लागले. त्यात चांदीची पेटी, पेटीत अस्थी आणि ऑलिव्हच्या पानांचा सोन्याचा मुकुट. तो ब्रासिडासच असावा असे अनेक अभ्यासकांना वाटते. पेटीवर नाव नाही.

राहिले ते सातशे हेलॉट. क्लिॲरिडसने त्यांना परत आणले. ह्या वेळी स्पार्टाने शब्द पाळला. त्यांना मुक्त केले आणि हवे तेथे राहायची मुभा दिली. पण लौकरच लेप्रिऑन येथे नेऊन बसवले. लेप्रिऑन हे स्पार्टा आणि एलिस यांच्या हद्दीवरचे भांडणाचे गाव, म्हणजे पुन्हा सीमाच. तीन वर्षांनी, ४१८ मध्ये, मँटिनीआच्या रणांगणावर ते डाव्या बगलेला उभे होते. तेथे फळी फुटली आणि त्यांना मागे रेटत गाड्यांपर्यंत नेले गेले. थ्युसिडिडीजने त्यांच्यापैकी एकाचेही नाव दिलेले नाही. चार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या नावानेच तो त्यांना ओळखतो : ब्रासिडासचे शिपाई.